कुठे ओढतंय?

४ ऑक्टोबर
आज इंग्रजीच्या क्लासात डोकं गरगरलं — आनंदाने! 'यू आर रेडी.' साधं वाक्य. बाईंनी पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल केली — 'आर यू रेडी?' झाला प्रश्न! ठिगळ नाही, जोड नाही. बावीस वर्षं कपडे शिवतेय, इतकं सोपं आल्टरेशन कधी पाहिलं नाही.

वीस तारखेला इंटरव्ह्यू. कपड्यांच्या मोठ्या दुकानात, आल्टरेशनच्या टेबलावरची नोकरी. गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलावं लागेल म्हणे. घराखालचं आमचं शिलाईचं दुकान आदल्याच दिवशी जाणार. दादाने बाबांना विचारलं होतं, विकू या ना? बाबांनी मान हलवली, हो म्हणून. मग मी काय बोलणार.

७ ऑक्टोबर
आज 'डू' भेटला! 'यू लाइक टी'मध्ये पुढे आणायला कुणी नाही, म्हणून हा येतो. स्वतःला काही अर्थ नाही. प्रश्न उभा करायचा, उत्तर मिळालं की चालू लागायचं. आमचा कच्चा टाकाच! आणि 'डिड' आला की 'वेंट'चा परत 'गो' होतो. झाल्यागेल्याचं सगळं ओझं त्या बिचाऱ्याच्याच डोक्यावर. कुणी बसवलं असेल हे सगळं? मी येताना रस्ताभर तोच विचार करत होते.

१० ऑक्टोबर
बाबांना धडा वाचून दाखवला. झटका आल्यापासून पाच महिने वाचा नाही, उजवा हात लुळा. पण दर वाक्याला मान हलवत होते.

१३ ऑक्टोबर
प्रश्न दोन जातीचे! पहिल्याला समोरचा हो किंवा नाही म्हणतो आणि सुटतो. दुसरा 'व्हेअर', 'व्हॉट', 'हू'ने सुरू होतो, त्याला मात्र पदरचं काहीतरी द्यावं लागतं.

बाई हे फळ्यावर लिहीत होत्या आणि माझ्या अंगावर काटा आला. हा तर बाबांचा नियम! मी शिकाऊ होते तेव्हा गिऱ्हाइकाला विचारायचे, ठीक आहे ना? बाबा मागाहून रागवायचे. "भिडेपोटी ठीकच म्हणेल, आणि घरी जाऊन कपाटात टाकेल. कुठे ओढतंय, ते विचार." चौथी शिकलेला माणूस. इंग्रजीचा गंध नाही. आणि त्यांना हे ठाऊक होतं!

१४ ऑक्टोबर
पाच महिने आम्ही त्यांना काय विचारतोय? चहा हवा का. बरं वाटतंय ना. झोपता का.

आज मुद्दाम विचारलं, बाबा, मी तुमचा मुलगा ना? मान हलली — हो. आपण विमानात बसलोय ना? हो. मी हसले, आणि मग एकदम लक्षात आलं. दुकानाचा 'हो' तरी खरा कशावरून?

दादाला सांगितलं. तो म्हणाला, आता ऐन वेळी खुसपट काढू नकोस. तुला काय हवंय, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१६ ऑक्टोबर
"बाबा, कुठे ओढतंय?"

विचारलं आणि थांबले. चांगली चार मिनिटं. मग डावा हात उठला, हळूहळू उजव्या काखेत गेला. बाही! हात सुजलाय, शिवण रुततेय, आत कातडी सोलून लाल. रोज सकाळी हा सदरा मीच चढवते, मी, शिवणारी! आणि विचारते, ठीक आहे ना?

बाही उसवली, काखेत जादा तुकडा लावला. शिवताना खूप रडले. पण केवढी गोष्ट ही — प्रश्न बदलला, आणि पाच महिने आत अडकलेला माणूस बाहेर आला!

१७ ऑक्टोबर
क्लास बुडवला. इंटरव्ह्यूची तयारी शून्य. खाली जाऊन नुसतीच मशीन पुसत बसले.

१८ ऑक्टोबर
उद्या दादा कागद घेऊन येणार. बाबांना भरवत होते. त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, शिवण चाचपली, गिऱ्हाइकाची चाचपायचे तशी. ओठ हलले. पाच महिन्यांतला पहिला शब्द —

"कुठे?"

'काही नाही' अगदी जिभेवर होतं. मग मी बोट खाली केलं, दुकानाकडे.

बाबांनी मान हलवली नाही. माझं सगळं सांगून होईपर्यंत ऐकत राहिले. आता दादाला फोन करते.