मारिसेलच्या वडिलांची होडी

ती. बाबा,

तुमच्या नि आईच्या पाया पडून लिहितो. मी इकडे फिलिपिन्सला, सेबूत खुशाल आहे. इथेही भात-मासळीच, त्यामुळे जेवणाचे हाल नाहीत. आईचा गुडघा कसा आहे? कलमं मोहरली का?

तुम्ही सांगितलंत तसं झालं. लग्नाआधीच वकिलाकडे करार केला. आपल्या बागेवर, घरावर मारिसेलचा कधीही हक्क नाही. तिने मुकाट सही केली. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "तुझे बाबा मला घाबरतात का?" मी नुसता हसलो.

संध्याकाळी तिचे वडील मला किनाऱ्यावर घेऊन गेले. आपल्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरपुढे खेळणं वाटेल अशी त्यांची होडी, पण सगळं घर तिच्यावर चालतं. तिच्यावर घरच्या माणसांची नावं रंगवलेली. शेवटचं नाव माझं, रंग अजून ओला. कराराचं त्यांना दुपारीच कळलं होतं. तरी म्हातारा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा. बाबा, मला मान वर करवेना.

तुम्हांला दोष देत नाही, सही माझीही आहे. पण आपल्याकडे नवी सून स्वतःच्या हाताने एक कलम लावते ना? आईचं विहिरीजवळचं, वहिनीचं दगडी गडग्यालगतचं. पावसात आम्ही येऊ, तोवर एक खड्डा मारून ठेवाल का?

हे सगळं मी मारिसेलला पूर्वीच कौतुकाने सांगून बसलोय. काल ती विचारत होती, तिचं कलम कुठे असणार.

तुमचा,
विनीत