शनिवारचा ब्रिज आणि तुमची पार्टनर

बाबा, तुमचा ब्रिज क्लब पुन्हा सुरू झाला आहे आणि त्याचं श्रेय तुमच्या पार्टनरला मिळालं आहे. सेक्रेटरी मी आहे. हॉलसाठी विश्वस्तांशी भांडले मी, टेबलांवरची धूळ पुसली मी, उंदरांनी कुरतडलेली हिरवी कापडं फेकून नवी शिवून घेतली तीही मीच. पण परवा जिन्यात दोघेजण बोलताना ऐकलं, ‘बाई आल्या म्हणून क्लब उभा राहिला.’ बाई म्हणजे त्या. इतकी वर्षं क्लबात आहे, मला कुणी नुसतं ‘बाई’ म्हटलेलं नाही. मला ‘सेक्रेटरी मॅडम’ म्हणतात, आणि तेही मी समोर असले तर.

करोनात वाचनालयाच्या वरच्या हॉलला कुलूप लागलं ते दोन वर्षांहून जास्त राहिलं. उघडलं तेव्हा विश्वस्तांच्या डोक्यात झुंबाचा वर्ग होता. त्यांच्यातले एक मला म्हणाले, “मॅडम, दिवाळीपर्यंत चार टेबलं भरवून दाखवा. नाहीतर झुंबावाले तयारच आहेत, आणि ते उभेच असतात, खुर्च्याही लागत नाहीत.” मी फोन करायला बसले. काही नंबर लागलेच नाहीत, काही ठिकाणी सुनेने उचलून सांगितलं की ते गेले. जे होते त्यांना घराबाहेर पडायचं नव्हतं. तुमच्या वेळचे एक इंजिनीअर म्हणाले, “अहो, मी आता मोबाइलवर खेळतो. पार्टनर बेल्जियमचा आहे. चुकलो तर तो काय शिव्या देतो ते कळत नाही, फार बरं वाटतं.” पहिल्या शनिवारी आम्ही पाच जण जमलो. ब्रिजला टेबलाशी चार लागतात, म्हणून पाचवा खिडकीत बसून पेपर वाचत राहिला. आणि पाचातल्या प्रत्येकाने मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, “बाई येणार आहेत ना?”

मी त्यांना फोन केलाच नव्हता.

तुम्हाला तो रविवार आठवत असेल की नाही, कोण जाणे. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आई पोहे परतते आहे आणि तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर चारही खेळाडूंचे पत्ते मांडून एक डाव सोडवता आहात. मी मागे उभी राहून खेळ शिकले आहे, हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना हरवून आले आहे. क्लबाची स्पर्धा जवळ आली आहे आणि तुमचे जुने पार्टनर बदलीवर गेले आहेत. मी म्हणते, “बाबा, या वेळी मी बसू तुमच्यासमोर?” तुम्ही पत्त्यांवरून नजर न उचलता सांगता, “घरच्या माणसाला पार्टनर करू नये. टेबलावरची चूक जेवणाच्या ताटापर्यंत येते.” आई कढईपाशून म्हणाली, “ताटावर वेळेवर येता कुठे तुम्ही?” तुम्ही हसलात. मी हसले नाही. आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीला क्लबात घेऊन आलात. पत्ते म्हणजे रमी एवढंच तिला ठाऊक होतं. वर्षभरात तुम्ही दोघं स्पर्धा जिंकायला लागलात. ती पुढे खात्याच्या परीक्षा देत तुमच्याहून वर चढली, मोठी अधिकारी होऊन निवृत्त झाली, पण शनिवारी समोरची खुर्ची तिचीच राहिली. मला तुम्ही एक पार्टनर शोधून दिलात आणि दर शनिवारी पहिली फेरी आमच्याशी लावायचात. मला वाटायचं, मला हरवून दुपारची सुरुवात करायला तुम्हाला आवडतं.

तर दुसरा शनिवारही पाच जणांवर गेला तेव्हा मी विश्रांतवाडीला बाईंकडे गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. दारातून समोर बुद्धाची लहान मूर्ती, पुढे ताजं फूल. त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत, हातात काठी आहे, पाठ मात्र ताठ. मी बसायच्या आत म्हणाल्या, “फार उशीर केलात यायला.”

“रिक्षा मिळत नव्हती.”

“मी आजचं म्हणत नाहीये.”

मी सरळ मुद्द्यावर आले. “क्लब बंद पडतो आहे, हॉल जाईल, तुम्ही आलात तर लोक येतील.” हे शेवटचं वाक्य मी मूर्तीपुढच्या फुलाकडे बघत म्हटलं. त्यांनी चहा ओतला, साखर विचारली, मग म्हणाल्या, “म्हणजे मी यावं असं तुम्हाला वाटतं?”

“क्लबाला वाटतं.”

त्या इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला. “अगदी साहेबांसारखं बोललात!” मला संताप आला, बाबा. मी तुमच्यासारखी बोलते की नाही हे ठरवणाऱ्या या कोण?

पुढच्या शनिवारी त्या आल्या आणि सहा टेबलं भरली. बेल्जियमवालेसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंनी लॉकडाऊनमध्ये फोनवरून एका निवृत्त बँक मॅनेजरला तुमची बोली लावायची सगळी पद्धत शिकवली होती. आता ते बाईंच्या समोर बसतात. योगायोगाने पहिलीच फेरी त्यांच्याशी आली. मी बोली लावली, “एक नो-ट्रंप,” म्हणजे हुकमाशिवाय. मॅनेजर म्हणाले, “दोन चौकट.” तुमच्या पद्धतीत ती बोली नुसती खूण असते, तिचा चौकटीशी काही संबंध नसतो हे मला माहीत होतं, पण माझा पार्टनर नवा होता आणि मलाही खात्री करून घ्यायची होती, यांनी त्यात काही बदललं तर नाही ना. ब्रिजमध्ये आपल्या पार्टनरशी बोलीखेरीज एक शब्द बोलायचा नाही आणि त्याला काही विचारायचंही नाही. पण विरुद्ध बाजूच्या माणसाने बोलीचा अर्थ विचारला, तर ज्याने बोली लावली त्याच्या पार्टनरला तो सांगावाच लागतो. मी बाईंना विचारलं. त्यांनी पत्ते मिटून पालथे ठेवले, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “हातात विशेष काही नाही. पण एक रंग लांब आहे. बदाम किंवा इस्पिक. कोणता, ते विचारल्यावर कळेल.” पत्ते पालथे ठेवणं तुमचं, ‘विशेष’वरचा जोर तुमचा, ‘कोणता’नंतरचं ते थांबणंही तुमचंच. तो डाव मी हरले.

मधल्या चहाला मी त्यांना म्हटलं, “वाक्य बाबांचं आहे.”

“पाठ झालंय. तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे कसं?”

“अहो, मला शिकवायचं ते त्यांनी पहिल्या वर्षात शिकवून टाकलं. पुढे जन्मभर समोर बसले, पण बोलीशिवाय काय बोलायचे? खेळ संपला की ‘बरं, निघतो.’ मी काही वेगळी बोली लावली की तुम्ही विचारणार आणि साहेब पत्ते ठेवून तुमच्याकडे वळून समजावत बसणार, पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसं. मला राग यायचा तुमचा.”

“माझा?”

“मग काय खुर्चीचा? रोज घरी भेटायचे तुम्हाला. इथेसुद्धा तुमच्याशीच बोलायचे.”

हे ऐकून माझ्या मनातली जळजळ विझायला हवी होती. पुस्तकात विझली असती. मी घरी येऊन कुकर लावला आणि डाळ शिजेपर्यंत विचार केला. तुम्ही मला सांगायचात हे खरं, पण सांगणं तुम्हाला नियमाने भागच होतं. त्यात नियम किती आणि माया किती, हे आता कोण सांगणार? आणि तिच्याजवळ तुमचं वाक्य आहे, तुमच्या आवाजाच्या चढउतारासकट. माझ्याजवळ तुमचा चष्मा आहे, त्याची एक काडी मोडलेली. जळजळ आहे ती आहे.

हॉल आता आपल्याकडेच राहणार, विश्वस्तांनी तसं कळवलं. झुंबाचा वर्ग रविवारवर ढकलला. क्लबाच्या बैठकीत बाईंना अध्यक्ष करा अशी सूचना मीच मांडली, कारण दुसऱ्या कुणी मांडलेली मला सहन झाली नसती. बैठक संपल्यावर त्या माझ्या खुर्चीपाशी आल्या. “मॅनेजरसाहेब मुलाकडे निघाले वाघोलीला, आता दर शनिवारी जमणार नाही म्हणतात. आपण दोघी बसू या का? तुमची-माझी पद्धत एकच.” मी ताबडतोब नाही म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. आखडू बाई, बापाच्या माघारीही खोड जात नाही, असं म्हणाले असतील. म्हणू देत. त्यांना मी दुसरा पार्टनर मिळवून दिला आणि त्याला तुमची पद्धत बसून शिकवली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. पार्टनरला विचारता येत नाही, आणि विरुद्ध बाजूलाही अर्थ माहीत असताना उगाच विचारणं खेळात गैर आहे. क्लबात कुणी तसं केलं तर मी चारचौघांत झापते. तरी दर शनिवारी पहिली फेरी मी त्यांच्याशीच लावते, ‘दोन चौकट’ आली की हातातले पत्ते खाली करते, आणि त्यांना विचारते.