फळ्यावरचं पहिलं वर्तुळ

ग्वाल्हेर, १६ सप्टेंबर २०२५

ती. सौ. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. दाजींना घेऊन न सांगता लेकीकडे, सोनिकाकडे इंदूरला गेलीस, त्याला कारण तुझा हा भाऊच.

वर्गात साथीच्या फैलावाचं गणित शिकवत होतो. निरोगी किती, आजारी किती, एकाकडून किती जणांना लागण. पोरं पेंगत होती, म्हणून ज्यातून एवढ्या बायकांचे डोळे आले, ते तुझं गौरीचं हळदीकुंकू उदाहरणाला घेतलं. पहिलं वर्तुळ काढून त्यात तुझं नाव लिहिलं. डोळे आलेली बाई सगळ्यांना कुंकू कशी लावत फिरते, त्याची नक्कलही केली. अंशुलने तुला ‘कुमकुमवाली आंटी’ म्हटलं, तेव्हा मीही हसलो. श्रुतीने काढलेला फळ्याचा फोटो तिच्या आईकडून समाजाच्या ग्रुपवर गेला. फार लाज वाटते, ताई.

धाकट्याला टाकू नकोस.

तुझा
श्रीपाद


इंदूर, २३ सप्टेंबर

चि. श्रीपाद यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर अजून कुत्र्याचे पाय मांजराला. नवरात्रात दरवर्षी मला सवाष्ण म्हणून किती बोलावणी येतात! यंदा एक नाही. दर अष्टमीला माझी ओटी भरणाऱ्या सुधाताईंनी तर फोन करून यंदा आराम करा म्हणून सुचवलं. ते लागलं.

डोळे चुरचुरत असताना मी हळदीकुंकू करायला नको होतं, हे खरं. पण गौरींच्या आधी तू मखर बांधायला आलास, तेव्हा तुझे डोळे लाल होते. खडूची धूळ म्हणालास. मीच थेंब घातले आणि माझ्या पदराने तुझे डोळे पुसले. हे कुणाला बोलले नाही. तुला रोज मुलांसमोर उभं राहायचं असतं.

वेळेवर जेवत जा.

तुझी
ताई


ग्वाल्हेर, १ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मान वर करवेना. पहिला रुग्ण शोधा म्हणून मी मुलांवर ओरडतो, आणि स्वतःलाच सोडून दिलं.

शनिवारी तेच चित्र पुन्हा काढलं. तुझ्याआधी एक वर्तुळ, त्यात माझं नाव. थेंब, पदर, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. श्रुती राहू द्या म्हणत होती, तरी तिला फोटो काढायला लावला आणि मीच तो ग्रुपवर टाकला.

काल अष्टमीला सुधाताई ओटीचं सामान घेऊन हरिशंकरपुरमला तुझ्या दारी गेल्या. कुलूप बघून माझ्याकडे आल्या. तू येईपर्यंत ठेवून घेतो म्हणून मी हात पुढे केला, पण त्यांनी नारळ दिला नाही. इंदुताईंच्याच ओटीत घालीन म्हणाल्या आणि तशाच परत गेल्या.

दाजींना नमस्कार. माया आटू देऊ नकोस.

तुझा
श्रीपाद