आंबिलीचं मडकं मीच नेणार

भारतच्या बाबांना कस्तुराचा पुण्याहून नमस्कार.

मी बरी हाय. फोनवर बोलले की आपला भारत ऐकत बसतो, म्हणून हे पत्र.

थंडी लय हाय, पण राग मला भारतचा येतो. हातातला झाडू काढून घेतो, जिना उतरले की माघारी आणतो. "सत्तरी झाली आई, स्वेटर घालून बस." तीन आठवडे बसून गुडघ्यांचं लाकूड झालं. काल उठताना भिंत धरावी लागली, तर म्हणतो, "बघ, म्हणूनच बस म्हणतो." जन्मभर शेतात वाकले, तेव्हा कुणी बस म्हणलं न्हाई.

आता म्हणतो, येळवशीच्या अवसेला शेतात पूजेला गाडीनं जाऊ, आंबिलीचं मडकं डिक्कीत ठेवू. लग्न झाल्यापासून ते मडकं माझ्या डोक्यावरून शेतात गेलंय. डिक्कीतल्या आंबिलीचा निवद दाखवायचा का आता?

तुमी दिवसभर शेकोटीपाशीच बसायलाव का? खरं सांगा. रोज बांधापर्यंत चालून या.

मी सोमवारी एसटीनं येते, गंगाखेडच्या स्टँडवर या. येळवशीला मडकं मीच नेणार, तुमी पुढं चाला. मधी थांबले तर मागं वळून बघू नका, आणि भारतला सांगू नका.

तुमची,
कस्तुरा