मागच्या खिडकीतलं रडणं

वाघोली, ६ मे २०२४

ती. शालूताईस,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि त्यातल्या निम्म्यावर तू रागावतेस. म्हणून कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली पत्राची सवय कामी आणतेय. इंद्रजीत ऑफिसला जाताना तुझ्याकडे येरवड्याला देऊन जाईल.

तू मावशीआजी झालीस. इंद्रजीतला मुलगी झाली, पण घाईची, महिनाभर आधीच आली. जेमतेम पावणेदोन किलो. काचेच्या पेटीत ठेवलीय. शेफाली बरी आहे. बाळाचं वजन वाढलं की घरी सोडतील. रडते इतकी हळू, की कान जवळ न्यावा लागतो.

मागच्या भाड्याच्या खोलीत ओडिशाची सुकांती राहते, नवरा बांधकामावर. शेफालीला आम्ही जिना चढू दिला नाही. बदाम काय, शहाळी काय. सुकांती मात्र शेवटपर्यंत टँकरवरून हंडे भरत होती. तिला परवा मुलगा झाला, तीन किलोंच्या वर! त्याच्या रडण्यानं आमची भांडी वाजतात. मी मागची खिडकी लावून टाकली. मे महिन्यात खिडकी लावणारी तू पहिलीच, असं आमचे आप्पासाहेब म्हणाले.

बाळाला पहिलं अंगडं धडधाकट बाळाचं वापरलेलंच घालायचं ना? तुझ्या नातवाचं असलं तर पाठव.

माया असू दे, या चिमुरडीवर जरा जास्तच.
तुझी विजू

*

येरवडा, ७ मे

चि. सौ. विजूस अनेक आशीर्वाद.

माझा नातू बारावीला आहे. त्याच्या अंगड्याचं कधीच फडकं झालं. आणि धडधाकट बाळ तर तुझ्या भिंतीपलीकडेच रडतंय. परप्रांतीयांचं अंगडं चालत नसेल तर तसं लिही, म्हणजे मला मोकळेपणी रागावता येईल.

त्या मुलीची आई तिकडे, सासूही तिकडे. तिचं बाळंतपण कोण बघतंय, विचारलंस का? खिडकी उघड आणि डिंकाचे लाडू घेऊन जा.

रागावले तरी तुझीच,
शालूताई

*

वाघोली, ९ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मुकाट्यानं खिडकी उघडली. रडणं ऐकूच येईना. लाडू घेऊन गेले, तर सुकांती कौतुकानं सांगू लागली, की बाळ फार शहाणं झालंय, कालपासून झोपूनच असतं, दूधसुद्धा मागत नाही. मी त्याला दारात उजेडात नेलं. ताई, डोळे हळदीसारखे पिवळे! दवाखान्यात आमच्या बाळाजवळ बसले असताना काविळीचं असंच एक बाळ मी पाहिलं होतं, नाहीतर मलाही कळलं नसतं.

आप्पासाहेबांनी पायात चप्पल न घालताच गाडी काढली. आता तो दवाखान्यात निळ्या दिव्याखाली आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अंगडं मागायचं मात्र राहूनच गेलं.

काळजी करू नकोस, आणि केलीस तर दोघांचीही कर.
विजू

*

वाघोली, २८ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल आमची ठकी घरी आली, दोन किलो भरून. सुकांतीचा मुलगा तर आधीच परत येऊन भांडी वाजवतोय.

शेफालीनं सुकांतीला अंगड्याचं सांगितलं होतं. धुऊन, घडी करून घेऊन आली, पण हातातून सोडेना. आजारी पडलेल्याचं तुमच्या बाळाला कसं देऊ, म्हणाली. मी म्हटलं, "अगं, बरा झालेल्याचंच हवंय मला."

ठकीचे हात बाह्यांत हरवलेत. मागची खिडकी आता उघडीच असते. रडणं ऐकू आलं की आप्पासाहेब पेपरातून मान वर न करता विचारतात, आपलं की त्यांचं. मी सांगते, कुणाचंही असो, रडतंय ना.

बारशाला ये, आणि कानातलं यंत्र लावून ये. ऐकण्यासारखं आहे.
तुझी विजू