आईच्या जागेवर गिअर

मंगळवार, संध्याकाळ

कंबर मोडलीय. बाबांच्या जुन्या फियाटला अखेर नवा गिअरबॉक्स बसवला. जुन्याचे पार्ट मिळेनात, काय करणार? स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा गेला, तळाचा पत्रा कापून नवा दांडा पुढच्या सलग सीटसमोर मधोमध आणला. वडपे गावापर्यंत चालवून आणली. गाडी मऊ चालते, पण हात सारखा स्टिअरिंगखाली जुना दांडा शोधत होता.

घरी आल्यावर चक्कर मारायला बाबा गाडीत माझ्या शेजारी बसले. आई नेहमीसारखी आमच्या दोघांमध्ये बसायला आली, तर गुडघे ठेवायला जागाच नाही.

"काय न्हाय, मी मागं बसते," म्हणाली.

मागंही मधोमधच बसली, पुढे वाकून. निघताना माझा हात पुन्हा जुन्या दांड्याकडे गेला.

पत्रा कापताना मापं दहा वेळा घेतली. ती जागा आईची, हे एकदाही डोक्यात आलं नाही.