आत गेलो, निघालो न्हाई

३ मार्च, बदनापूर
न्हाई, पोरीच्या घरी बसून खायला आलेलो न्हाई मी. कामाला आलोय. सातवी नापास असून तीर्थपुरीच्या बाजारात तीस वर्षं तोलाई केली. बायको, बेबीनंदा, वारल्यावर घरात करमंना, मंग सुमेधा म्हनली, अप्पा, इकडंच या, मला हाताखाली मानूस पाहिजेच. घर झकास हाय. टेशन जवळ, खिडकीत वारा. पोरीचा धंदा असा, की लोकायच्या मशीना कुठं तरी लांब भाड्यानं असतात, त्याला सर्व्हर म्हनतात, अन ही हितं बसून त्या संभाळती. दिसत काही न्हाई, पन चालतंय बराबर. मी तिला छकुली म्हनतो. मीच एकटा म्हनतो.

४ मार्च
आज शिकवलं तिनं. सर्व्हर उठंनाच झाला, तर रेस्क्यू मोड लावायचा. मोटर जळल्यावर शेजाऱ्याची लावतो, तसं. दुसरी मशीन थोड्या टायमापुरती चालू करायची. आजारी मशीनीची डिस्क, म्हंजी जिच्यात समदं साठवलेलं असतं ती, तिला जोडायची, आत शिरायचं, बिघाड काढायचा, बाहेर यायचं, डिस्क सोडायची, मंग बंद. मूळची मशीन उठली, की ही उसनी आनलेली पुसून जाती. डिस्कवर केलेलं तेवढं टिकतं, बाकी काही उरत न्हाई. बाहेर आल्याबिगर बंद करू नका, हे तीनदा सांगितलं. मी काय बालवाडीत हाय का.

५ मार्च
राजूरच्या एका दुकानदाराचा सर्व्हर पडला. सुमेधा जालन्याला गेल्ती. मीच आत शिरलो, चुकीची ओळ काढली. भाकर थंड व्हाय लागल्ती, म्हनून तसंच कंप्युटरचं झाकन लावलं. बाहेर यायचं राह्यलं. काम तर झाल्तं ना.

६ मार्च
सर्व्हर उठला न्हाई. अजून रेस्क्यूतच. अन आत कोनी तरी टाइप करून राह्यलंय. छकुली, मला बाहेर काढ, असं. सुमेधानं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हनलो चोर असंल.
चोराला छकुली कसं माहीत —

७ मार्च
सुमेधानं मला अन आतल्याला, दोघायला एकच सवाल टाकला. आई शेवटचं काय बोलली? आम्ही बापलेकच व्हतो तवा तिच्यापाशी.
त्यानं लगेच लिहिलं. पोरीला रागावत जाऊ नका.
सुमेधा रडली. बराबर व्हतं.
मला आठवलंच न्हाई. मी उशाशी व्हतो ना — व्हतो का —

८ मार्च
सकाळी सदरा धुतला. दुपारी मळकाच, खुंटीवर. चहा पेलो, कप भरलेलाच. वहीत पाच तारखेपासूनची पानं कोरी. म्हनून समदं परत त्या आजारी डिस्कवर लिहून राह्यलो. तिथलंच टिकतं.
सुमेधानं एकच ताट वाढलं. मशीनीसमोर ठेवलं.

९ मार्च
तिला म्हनलो, मी तुझा बाप. ती म्हनली, बाबा, तुम्ही लई मदत केली, पन तुम्ही थोड्या टायमापुरतेच. आता अप्पायला येऊ द्या.
बाबा म्हनली. रस्त्यावरल्या म्हाताऱ्याला म्हनावं तसं.
रेस्क्यू काढायला बसली. डिस्क सोडती आता. तिच्या आईचं नाव — वर लिहिलंय मी, वाचता येईना — छकुली, थांब, मी —

१० मार्च
बाहेर आलो. सदरा धुतला, वाळला. चहा गरम व्हता. दुकानदाराचा सर्व्हर चालू झाला. डिस्कवर हे वरलं कोनी लिहिलं, म्हनून छकुली सकाळधरून इचारून राह्यली.
मी सांगनार न्हाई. बास.